तुम्ही विचारलंत म्हणून: चारचाकी का घेत नाही?

"पगार बरा आहे, दारात जागा आहे, मग चारचाकी का घेत नाही?" हळदीकुंकवाला विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा भिशीतही विषय निघालाच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

मी राहते कोल्हापुरात, कसबा बावड्यात, नोकरी दसरा चौकाजवळ. चारेक किलोमीटरची वाट. एरवी सायकल, धो धो पाऊस असला की केएमटी, म्हणजे महापालिकेची बस. एवढ्याशा अंतराला टनभर लोखंड सोबत न्यायचं मनाला पटत नाही. पण त्याहून मोठं कारण माझी आई.

आई चौऱ्याहत्तर वर्षांची. दर मंगळवारी आणि शुक्रवारी अंबाबाईला जाते, एकटी. हातात खणाची पिशवी, सुट्टे पैसे रुमालाच्या गाठीत. कंडक्टर ओळखतात, ती दांडी धरून सीटवर टेकेपर्यंत डबल बेल देत नाहीत. दर्शन झालं की महाद्वार रोडला बांगड्या बघायच्या, घ्यायच्या नसल्या तरी. मग कपिलतीर्थ मंडईत मेथीची पेंडी चार ठिकाणी विचारून घ्यायची, आणि मनाला येईल तेव्हा घरी.

शेजारच्या मावशी पूर्वी तिच्याबरोबर असायच्या. मुलानं कार घेतली, "आता बसनं कशाला धक्के खाता" म्हणाला, आणि त्यांचं जाणं त्याच्या सवडीवर गेलं. मुलगा मायाळू आहे, पण सवड रविवारीच. रविवारी पर्यटकांच्या गाड्यांनी बिंदू चौकाच्या आसपास उभं राहायला जागा नसते. दोन चकरा मारून तो म्हणतो, "आई, इथनंच हात जोड." त्या काचेतून हात जोडतात. मला हे सांगताना त्यांनी चष्मा पुसला, ते डोक्यातून जात नाही.

सायकल सोपी आहे असं नाही. हंगाम सुरू झाला की उसाच्या जोडट्रॉल्या रस्ता भरून चालतात, मागं लाल दिवा नसतो, अंधारात बाहेर आलेले ऊस अंगावर येईपर्यंत दिसत नाहीत. एकदा उभ्या कारचं दार अचानक उघडलं आणि मी रस्त्यावर आपटले. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर होतं. तेव्हा घरच्यांनीही हाच प्रश्न विचारला. पण रस्त्यावर आणखी एक कार वाढवून सायकलवाल्याची भीती कशी कमी होणार?

ऑगस्ट २०१९ चा महापूर आठवतो ना? शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, पेट्रोलचे टँकर येईनात, पंप कोरडे पडले. दारातल्या गाड्या दारातच राहिल्या. निवाऱ्यात आलेल्या लोकांना आमच्या गल्लीतल्या भाकरी मी हँडलला दोन पिशव्या अडकवून पोचवल्या.

रात्री उशिरा किंवा दवाखान्याला जायचं असेल तर रिक्षा बोलावते. वर्षभराचं रिक्षाभाडं कारच्या हप्त्यापुढं काहीच नाही, त्यावर जास्त काय बोलायचं.

टोल हटवायला कोल्हापूर रस्त्यावर उतरलं होतं. मी पण होते. तसंच एकदा बससाठी उतरूया: फेऱ्या वाढवा, थांब्यावर म्हाताऱ्या माणसाला टेकायला बाक आणि डोक्यावर पत्रा द्या, सायकलला रस्त्याकडेला चार फूट सोडा. तारीख ठरवा. आई येणार म्हणतेय, मावशींनाही आणते.