तुलनेसाठी ठेवलेली बरणी

सर्पवामीचे मणके मोजणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात किचकट काम. काटेरी पराच्या कितीतरी माशांत २४-२५ मणक्यांत विषय संपतो. शेपटीकडून वाळूत घुसणाऱ्या या वामी दीडशेच्या घरात जातात. पण इलाज नाही. अंगावर खवले नाहीत, शेपटीच्या टोकाला पर नाही, म्हणजे एरवी जे मोजून दोन प्रजाती वेगळ्या करतात त्यातलं निम्मं इथे नसतंच. उरतात मणके, दातांच्या ओळी, डोक्यावरची बारीक छिद्रं आणि पाठीचा पर कुठून सुरू होतो ते.

आमच्याकडच्या ११ वामी ओळखीच्या प्रजातीत बसत नव्हत्या. नेहमीचीचे मणके १४१ ते १४६, यांचे १५२ ते १५६. टाळूच्या मधल्या हाडावर नेहमीचीला शेवटपर्यंत दातांच्या दोन ओळी, यांना पुढे दोन आणि मागे एकच. प्रजाती ओळखायला वापरतात त्या सीओआय जनुकाची साडेसहाशेच्या आसपास डीएनए-अक्षरं वाचली, तर त्यातही दोन गट स्वच्छ वेगळे पडले. लेख निम्मा झाला होता. होलोटाइप, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा एकच नमुना, निवडून झाला होता, नावही ठरलं होतं. ते नाव मी एकटी असताना दोनदा मोठ्यानं म्हणूनही पाहिलं होतं, खोटं कशाला बोलू.

राहिली होती ती फक्त औपचारिकता. नेहमीच्या प्रजातीचा मूळ नमुना कुणीतरी एकदा पाहायला हवा होता. एकोणिसाव्या शतकात एकाच माशावरून केलेलं वर्णन, लॅटिनमधल्या जेमतेम आठ ओळी. मणक्यांचा उल्लेख नाही. क्ष-किरणांचा शोधच १८९५ चा, आणि हातात एकुलता एक मासा असताना तो चिरणार कोण? तो मासा दुसऱ्या खंडातल्या एका संग्रहालयात अजून अल्कोहोलमध्ये आहे. हे आमचं नशीबच. फॉर्सकॉल या निसर्ग-अभ्यासकानं १७६० च्या दशकात तांबड्या समुद्रावर जमवलेले मासे झाडाच्या पानांसारखे कागदावर चिकटवलेले आहेत, नुसती अर्ध्या अंगाची वाळकी कातडी. तिथे मणके मागायचे कुणाकडे!

त्या दिवशी सकाळी माझा विद्यार्थी दारातूनच म्हणाला, ‘‘मॅडम, एक्स-रे आलाय.’’

मी आधी शेपटी पाहिली. ती तुटकी असेल तर पुढचा आकडा फुकट. टोक शाबूत होतं, टणक आणि अणकुचीदार. तो पडद्यावर दर दहाव्या मणक्यावर लाल ठिपका देत गेला. पंधरावा ठिपका पडला तरी शेपटी संपेना.

‘‘१५४,’’ तो म्हणाला.

‘‘चुकलास. परत मोज.’’

मग मीच मोजले. १५३ आले. पहिला मणका कवटीच्या सावलीत दडतो, तो माझा सुटला होता. तिसऱ्यांदा दोघांनी मिळून मोजले, १५४. सोबत आलेल्या फोटोत जबडा उघडा होता. दात पुढे दोन ओळींत, मागे एकाच.

तो गप्प बसला, मीही. आमची ‘नवी’ वाम तीच होती, जिला दीडशे वर्षांपूर्वीच नाव मिळालं होतं. प्रजातीचं नाव मूळ नमुन्याला बांधलेलं असतं. मधल्या काळात लोकांनी कुणालाही त्या नावानं हाक मारली असली तरी ते तिथून हलत नाही. डीएनएनं प्रजाती दोन आहेत एवढं खरं सांगितलं होतं. त्यातलं नाव कुणाचं, हे त्या साडेसहाशे अक्षरांत कुठून असणार?

‘‘मग मॅडम, ही रोजची...’’ त्यानं मागच्या फळीकडे बोट दाखवलं. ‘‘हिला नावच नाही?’’

बहुतेक नव्हतं. पण ‘बहुतेक’वर नवी प्रजाती जाहीर करता येत नाही. या नावाखाली पुढच्या अभ्यासकांनी आणखी दोन जुनी नावं जमा केलेली होती. त्यातलं एक जरी आमच्या रोजच्या वामीशी जुळलं असतं, तरी तेच नाव तिला गेलं असतं आणि आमच्या हाती शून्य. दुपारभर त्या दोन नमुन्यांसाठी पत्रं लिहिली. काही आठवड्यांनी उत्तरं आली: एकाचे मणके १५५, दुसऱ्याचे १६० च्या वर. दोन्ही आमच्या रोजचीचे नव्हते.

पत्रं गेली त्याच संध्याकाळी मी मागच्या फळीवरची, नेहमीच्या वामींची बरणी खाली काढली. आधीच्या ११ वामींचे आम्ही कोण लाड केले होते: फॉर्मॅलिनमध्ये सरळ ताणून ठेवलेल्या, ताज्या असताना रंगाचे फोटो, मांसाचा तुकडा आधीच वेगळा काढलेला. या मात्र कोंबून भरलेल्या, वेटोळ्या पडलेल्या. एकीचं डोकं दातांसाठी चिरलेलं, दोघींच्या शेपट्या गेलेल्या. फोटो एकीचाही नाही. यातून आता होलोटाइप काढायचा होता.

एकेक चिमट्यानं उचलून ताटात घेतली. तळाशी एक निघाली, मानेपाशी जरा वाकडी, पण टोकापर्यंत अख्खी. डोक्यावर हवेचा झोत मारला तशी ओली कातडी सुकत गेली आणि छिद्रं एकेक करून दिसू लागली. विद्यार्थी मोजून सांगत होता, मी लिहीत होते. बरणीत तरंगणारी चिठ्ठी त्यानंच वर्षापूर्वी पेन्सिलीनं लिहिली होती: ‘फक्त तुलनेसाठी’. ती तशीच राहू द्यायला मी सांगितलं आणि शेजारी दुसरी चिठ्ठी सोडली.