गावकीची खोली

रविवार, रात्र

आज तात्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या गावकीची खोली होती, म्हणजे गावाहून गिरणीत कामाला आलेल्या माणसांची सामायिक. ती इमारत आता पाडली. 1920च्या दशकातलं ब्रिटिशांचं काँक्रीट, तळ अधिक तीन मजले, खोली 160 चौरस फुटांची. बदल्यात 500 फुटांचं घर मिळतंय, त्यात वाईट काहीच नाही. पण घर मिळणार भाडेपावतीवर नाव असलेल्याला. गावकीच्या खोलीत पावतीवर एक नाव आणि राहायला अर्धं गाव. त्या अर्ध्या गावाचा कागद कुठंच नाही, म्हणून हा खटाटोप.

"तेव्हा कसं होतं?" विचारलं की तात्या "बरं होतं" म्हणून गप्प. "तुमची वळकटी कुठं असायची?" म्हटलं आणि सावरून बसले. दाराच्या उजव्या अंगाला ट्रंकांची चळत, दोरीवर गिरणीचे कपडे. रातपाळीचे परतले की पहिल्या पाळीवाल्यांच्या जागेवर आडवे. पाळ्या होत्या म्हणून एवढी माणसं मावली! उन्हाळ्यात निम्मे मधल्या व्हरांड्यात. गावाहून नवा पोरगा आला, तर बदलीचं काम (गैरहजर कामगाराच्या जागी) लागेपर्यंत त्याच्याकडून भाडं घ्यायचं नाही.

"हे वहीत लिहिलेलं होतं?"

"वही कशाला? सगळ्यांना पाठ."

त्याच खोलीतल्या अण्णांना मात्र निम्मं भाडं दिल्याचं पक्कं आठवतं. दोघांचंही तसंच ठेवलंय. जुळवून एक करायची मला घाई नाही.

बायकांसाठी ती खोली नव्हतीच. आईनं ती आतून कधी पाहिली नाही. तिला ठाऊक ती मनीऑर्डर आणि गणपतीला येणारी माणसं.

18 जानेवारी 1982ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याबद्दल तात्या फार बोलत नाहीत. एकेक जण ट्रंक उचलून गावी गेला, परत आले ते थोडे. त्यांच्या हिशेबी खोली तेव्हाच गेली, मागं राहिल्या त्या भिंती. संपात खालच्या मजल्यावरच्या खानावळवाल्या काकूंनी महिनोन्महिने उधारीवर जेवू घातलं. "सगळ्यांनी फेडली हां उधारी," हे तात्यांनी न विचारता दोनदा सांगितलं.

काकू आता लेकीकडे डोंबिवलीला असतात. बुधवारी जाते. त्यांच्याकडे म्हणे वही होती.