अण्णांनी परत केलेले पैसे

आमचे अण्णा २००३ मध्ये कस्टममधून हवालदार म्हणून निवृत्त झाले. हर्णे, दाभोळ अशा बंदरांवर गस्त घालण्यात त्यांची २४ वर्षे गेली. त्याआधी ९ वर्षे ते सैन्यात होते. मात्र निवृत्तिवेतनासाठी लागणारी १५ वर्षे भरण्यापूर्वीच, घरच्या अडचणीमुळे, केवळ ग्रॅच्युइटी घेऊन त्यांना गावी परतावे लागले होते.

केंद्रीय नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९७२ मधील नियम १९ प्रमाणे अशा माजी सैनिकाला नागरी नोकरीत कायम होताना विकल्प द्यावा लागे : लष्कराकडून मिळालेली रक्कम स्वतःकडे ठेवावी, किंवा ती सरकारजमा करून ती वर्षे नव्या सेवेत धरून घ्यावीत. परतफेडीसाठी जास्तीत जास्त ३६ मासिक हप्ते मिळत आणि सगळी रक्कम फिटेपर्यंत जुन्या सेवेवर हक्क सांगता येत नसे. ज्या पैशांतून घरावर कौले चढली, तेच पैसे पगारातून परत का करायचे, हे आईला शेवटपर्यंत पटले नाही.

अण्णांचा हिशेब मात्र पक्का होता. त्या काळी पूर्ण निवृत्तिवेतनासाठी, म्हणजे शेवटच्या दहा महिन्यांच्या सरासरी वेतनाच्या निम्म्या रकमेसाठी, ३३ वर्षांची अर्हताकारी (निवृत्तिवेतनासाठी मोजली जाणारी) सेवा लागे आणि सेवा कमी असल्यास त्याच प्रमाणात कपात होई. सरासरी वेतन ७,००० रुपये धरले, तर २४ वर्षांना साधारण २,५४५ रुपये आणि ३३ वर्षांना ३,५०० रुपये बसत. शिवाय महागाईची वाढ याच मूळ रकमेवर मिळणार. निवृत्तीच्या वेळची ग्रॅच्युइटीसुद्धा १२ महिन्यांच्या वेतनाऐवजी साडेसोळा महिन्यांची झाली. नेहमीच्या दराच्या कुटुंब निवृत्तिवेतनात फरक पडणार नव्हता, कारण ते तेव्हा वेतनाच्या ३० टक्के असे सरसकट ठरलेले होते.

निवृत्तीच्या आधी कळले की सेवापुस्तकात विकल्पाची नोंदच नाही. अण्णांनी पत्र्याच्या ट्रंकेतून विकल्पपत्राची पोच आणि हप्ते कापलेल्या पगारपत्रकांचा गठ्ठा बाहेर काढला. (आमच्याकडच्या पावसात वीस वर्षे कागद टिकवणे ही दुसरी नोकरीच.) त्यावर प्रकरण मार्गी लागले.

पुढे एप्रिल २०१६ च्या केंद्राच्या आदेशाने २००६ पूर्वी निवृत्त झालेल्यांच्या किमान निवृत्तिवेतनातील ३३ वर्षांची अट निघाली. 'म्हणजे हप्ते फुकटच गेले की,' असे मी अण्णांना म्हणालो. त्यांनी चष्मा पुसत विचारले, 'मधल्या वर्षांतला फरक कोण देणार होता, तू?'