प्राचीन ग्रीक अभ्यासाची नोंद, महिना नववा: ‘मथेतेस’पाशी मुक्काम

या महिन्यात तीन नवे धडे संपवायचे ठरवले होते आणि त्यांतला एकही संपला नाही. क्रियापदांच्या तक्त्यात ‘मन्थनो’, म्हणजे ‘मी शिकतो’, हे रूप आले आणि त्याच धातूपासून झालेल्या ‘मथेतेस’ (कोशात ‘शिष्य’) या नामाचा माग काढण्यात चारही आठवडे गेले. आपल्यापैकी जे सध्या पहिल्या गटातील पुल्लिंगी नामे करीत आहेत, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ही नोंद सविस्तर लिहीत आहे.

उच्चारात आपल्याला फारसे कष्ट नाहीत. अभिजात काळातल्या अथेन्समध्ये थीटा हे अक्षर घर्षक नव्हते, तर आपल्या ‘थ’सारखे महाप्राण होते; त्यामुळे ‘मथेतेस’ देवनागरीत लिहून तसेच वाचले, तरी ते मूळ उच्चाराच्या बरेच जवळ जाते. मात्र याच सोयीने मला चकवले. पहिल्या दिवशी ‘मन्थनो’समोर मी वहीत ‘मंथन’ असे लिहून ठेवले होते, कारण विचारमंथन हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की मनात शंकाही आली नाही. आठवडाभराने ती नोंद खोडावी लागली. ग्रीक थीटाच्या जागी संस्कृतात नियमाने ‘ध’ सापडतो: ‘तिथेमि’ आणि ‘दधामि’, ‘एरुथ्रोस’ (तांबडा) आणि ‘रुधिर’, ‘थूमोस’ आणि ‘धूम’. ‘मंथन’मधला ‘थ’ या नियमात बसत नाही. अभ्यासकांनी या धातूचे नाते सुचवले आहे ते ‘मेधा’शी, आणि तिथे ‘ध’ आपल्या जागी आहे. हे कळले तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

रूपे चालवताना षष्ठीत चूक झाली. स्त्रीलिंगी नामांच्या सवयीने मी षष्ठी एकवचनही ‘मथेतेस’ असेच लिहिले. योग्य रूप ‘मथेतू’ आहे. कारण समजले की ते विसरणे अवघड आहे: पुल्लिंगी नामाची प्रथमाच ‘-एस’ने संपत असल्यामुळे षष्ठीही तशीच ठेवली असती तर दोन्ही एकरूप झाल्या असत्या, म्हणून दुसऱ्या गटातल्या नामांचा ‘-ऊ’ इकडे आला. संबोधन ‘मथेता’ असे होते आणि त्यातला शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, हे लिहिताना दिसत नाही म्हणून मुद्दाम सांगतो.

आता अर्थ. कोशात ‘शिष्य’ असे वाचून आपण पुढे जातो, पण मला ते पुरेसे वाटत नाही. ‘शिष्य’ हा ‘शास्’ धातूपासून झालेला कर्मणि अर्थाचा शब्द आहे. ज्याला शिकवायचे, ज्याला शासन करायचे, तो शिष्य. ‘मथेतेस’मधला प्रत्यय कर्त्याचा आहे. जसा रचणारा तो ‘पोइएतेस’, निवाडा करणारा तो ‘क्रितेस’, तसा शिकणारा तो ‘मथेतेस’. शिकवणारा कोण, हे शब्दाच्या घडणीत कुठेच नाही. म्हणूनच हेरोडोटस सिथियातील अनाखार्सिसला सरळ ‘हेल्लास (ग्रीस) देशाचा मथेतेस’ म्हणवू शकतो, आणि प्लेटोच्या ‘प्रोटागोरस’ संवादात सात ज्ञानी पुरुषांना स्पार्टाच्या शिक्षणपद्धतीचे चाहते, प्रेमी आणि ‘मथेताइ’ (‘मथेतेस’चे अनेकवचन) म्हटले जाते. षष्ठीत गुरूच हवा असे नाही. देश चालतो, शिक्षणपद्धतीही चालते.

पुढे मात्र या शब्दाला माणसांचे वजन चढते. इ.स.पू. 423 मध्ये रंगमंचावर आलेल्या ॲरिस्टोफेनिसच्या ‘मेघ’ या नाटकात सॉक्रेटिसच्या चिंतनशाळेचे दार उघडणारा म्हणतो की आतल्या गोष्टी मथेताइंखेरीज कोणाला सांगणे धर्माला धरून नाही. म्हणजे तोवर हा शब्द एखाद्या मंडळाच्या आतल्या माणसालाही लागू झालेला होता. आणि इ.स.पू. 399 च्या खटल्यावर आधारलेल्या प्लेटोच्या ‘अपोलोगिया’मध्ये सॉक्रेटिस बजावतो की आपण कधीच कोणाचे गुरू झालो नाही; जे आपले मथेताइ म्हणून दाखवले जातात, ते निंदकांच्या बोलण्यात तसे आहेत. हे वाक्य मी आठवड्यातून तीनदा मोठ्याने वाचले. एरवी शिकणाऱ्याचे वाटणारे हे नाव इथे शिकवणाऱ्यावरच्या आरोपाचा भाग झाले आहे, आणि ते नाकारण्यावर एका माणसाचा बचाव उभा आहे.

बायबलच्या नव्या करारात हा शब्द सुमारे 260 वेळा येतो, तोही फक्त चार शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये यांत. पत्रांमध्ये एकदाही नाही. स्त्रीलिंगी ‘मथेत्रिया’ तर संपूर्ण नव्या करारात एकदाच, कृत्यांच्या नवव्या अध्यायात, यापो गावच्या तबिथासाठी. तिच्या मृत्यूनंतर विधवा रडत रडत तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे प्रेषित पेत्राला दाखवतात. क्रियापद ‘मथेतेउओ’ चार वेळा येते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी ‘मथेतेउसाते’ हे त्या वाक्यातले एकमेव आज्ञार्थी रूप आहे, बाकी जाणे, बाप्तिस्मा देणे, शिकवणे ही सारी धातुसाधिते. मराठीत तिथे ‘शिष्य करा’ असे दोन शब्द लागतात.

हे वाचताना पंडिता रमाबाई वारंवार आठवल्या. संस्कृतात पारंगत असलेल्या या बाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावात राहून संपूर्ण बायबल मराठीत उतरवले, आणि 1922 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या या कामात होत्या. ‘शिष्य’ आणि ‘मथेतेस’ यांच्या घडणीतला फरक त्यांच्यासारख्या व्याकरणज्ञ स्त्रीच्या नजरेतून निसटला असेल असे मला वाटत नाही.

माझ्या वहीत आता ‘मथेतेस’समोर ‘शिकणारा’ असे लिहिले आहे आणि कंसात ‘शिष्य, संदर्भाप्रमाणे’. पुढच्या महिन्यात तबिथाचा उतारा कोश न उघडता वाचायचा आहे. त्यातली भूतकालवाचक धातुसाधिते अजून अडखळत येतात, म्हणून रोज पाच ओळींपेक्षा जास्त घेणार नाही.