एजंट क्षमस्व

नाशिकमध्ये विकायला काढलेलं एकही घर कशापासूनच लांब नसतं. कॉलेज रोड दहा मिनिटांवर, मुंबई नाका पाच मिनिटांवर, शाळा-दवाखाना-मंदिर तर हाकेच्या अंतरावर. ही मिनिटं कोण मोजतं आणि किती वाजता मोजतं कोण जाणे. संध्याकाळी द्वारका चौकात अडकलेल्या माणसाने ती मोजलेली नाहीत, एवढं खरं. गंगापूर रोडचं तर विचारूच नका. अशोक स्तंभापासून निघालेला हा रस्ता जाहिरातींत पार शेतांत शिरतो. आनंदवल्ली गेलं, सोमेश्वर मागे पडलं, तरी प्लॉट आपला 'गंगापूर रोड टच'. सिडकोतलं घर 'इंदिरानगरजवळ' असतं, इंदिरानगरातलं 'हायवेलगत', आणि जे खरोखरच हायवेच्या कडेला आहे ते मात्र 'शांत, निसर्गरम्य परिसरात'.

जे अजून झालेलंच नाही, त्याच्यापासूनही घरं जवळ असतात. मेट्रो निओची घोषणा २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. तिचं एक चाकही नाशिककरांनी पाहिलेलं नाही, पण 'प्रस्तावित मेट्रो स्टेशनजवळ' म्हणून फ्लॅट केव्हाच खपले. समृद्धी महामार्ग सिन्नर-इगतपुरीकडून जातो, शहराला शिवतही नाही, तरी भाव वाढला तो समृद्धीमुळेच. आणि सगळ्यांच्या वर सिंहस्थ. 'कुंभाच्या आधी घ्या, नंतर हात लावता येणार नाही,' हे वाक्य सध्या जोरात आहे. २०१५ च्या कुंभाआधीही ते असंच जोरात होतं. २००३ च्या आधी मी ऐकलं नव्हतं, पण बोललं गेलं नसेल असं वाटत नाही.

आमचा फ्लॅट इंदिरानगरात. नव्वदच्या दशकातली बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. गुडघे बोलायला लागल्यावर हा विकून लिफ्ट असलेल्या ठिकाणी जायचं ठरलं. मी पेपरात छोटी जाहिरात दिली, नेटवरही टाकली, आणि रीतीप्रमाणे खाली लिहिलं, 'एजंट क्षमस्व'. हे दोन शब्द वाचून जितके एजंट फोन करतात, तितके 'एजंट पाहिजेत' लिहूनही करणार नाहीत. "काका, मी एजंट नाही, माझ्याकडे फक्त पार्टी आहे." "सर, ब्रोकरेजचं नंतर बघू, आधी फोटो टाका." फोटो टाकले, की दिवस मावळायच्या आत आपलं स्वयंपाकघर गावभर. बायकोच्या मावसबहिणीचा नाशिकरोडहून फोन आला, "अगं, तुमचं घर आलंय आमच्या ग्रुपवर. फोटो काढताना ओट्यावरची भांडी तरी आवरायचीस!"

शेवटी काम दिलं ते कोपऱ्यावरच्या एजंटाला. झेरॉक्सच्या दुकानाला लागून अर्धा गाळा, बोर्डावर 'फ्लॅट, प्लॉट, रो-हाऊस, शेती, भाडेकरार'. आत भिंतीवर प्लायवूडचा फळा, फळ्यावर खिळे, खिळ्यांवर चाव्या. प्रत्येक चावीला जुन्या लग्नपत्रिकेचा कापलेला तुकडा दोऱ्याने बांधलेला, आणि त्यावर बॉलपेनने बारीक अक्षरात टिपण. 'राणेनगर २ बीएचके, पाणी सकाळी ६ ते ७.' 'गोविंदनगर, वरचं कुलूप आधी.' 'पाथर्डी फाटा, बेडरूमला ओल, पावसात दाखवू नये.' 'चेतनानगर, समोरचे भांडखोर.' वेबसाइटवर जे कधीही सापडणार नाही, ते सगळं त्या पत्रिकांच्या पाठीवर होतं. घर घेणाऱ्याने फोन खिशात घालून पाच मिनिटं या फळ्यासमोर उभं राहावं, असं माझं मत झालं आहे. एजंट अर्थातच उभं राहू देत नाही.

नव्या प्रकल्पांतली घरं विकायची तर एजंटाला महारेराची, म्हणजे राज्याच्या घरबांधणी नियामकाची, नोंदणी लागते, आणि २०२३ पासून प्रशिक्षण घेऊन परीक्षाही द्यावी लागते. आमच्याने ती दिली होती. सर्टिफिकेट गणपतीच्या तसबिरीखाली लावलेलं. "परीक्षेत सगळं होतं, काका," तो म्हणाला, "फक्त समोरचे भांडखोर असले तर काय करायचं, ते नव्हतं."

आम्ही काम दिलं तेव्हा नेमका पितृपक्ष लागत होता. एजंट म्हणाला, "आता पंधरा दिवस मी नुसता पेपर वाचतो. घरचं लोन मंजूर झालेली पार्टीसुद्धा टोकन द्यायला घटस्थापनेनंतर येते." आणि तसंच झालं. सर्वपित्री उलटली, आणि आमच्या जिन्यात पावलं वाजू लागली.

पार्टी यायच्या आधी आम्हाला सूचना मिळाल्या. "काकू, चहा चालेल, पोहे नकोत. पोहे दिले की त्यांना वाटतं यांना घाई आहे." मला सूचना एकच, बोलायचं नाही. "मालक बोलला की एक तर जास्त खरं बोलतो, नाही तर भावनिक होतो. दोन्हीने रेट पडतो." मग मी मागच्या गॅलरीत पांडवलेण्यांच्या डोंगराकडे बघत उभा. आत लोक नळ सोडताहेत, फ्लश ओढताहेत, भिंतीवर टिचक्या मारताहेत. एकजण मोबाइलवरचं होकायंत्र घेऊन ओट्यापाशी उभा राहिला आणि बायकोला म्हणाला, "इथे उभी राहा गं." ती उभी राहिली. तोंड पूर्वेला येत होतं, पण थोडं आग्नेयेकडे कलून. तेवढ्या कलण्यावरून पन्नास हजार कमी करायची भाषा झाली.

"बाथरूम अंधारं आहे हो. आणि या टाइल्स तर काढाव्याच लागतील."

त्या टाइल्स बायकोने दुकानदाराला भंडावून, सगळा माल खाली उतरवायला लावून निवडलेल्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात एजंट शांतपणे म्हणाला, "जुन्याच आहेत ना. म्हणून तर तुमच्या बजेटमध्ये बसतंय." पार्टी गप्प. नंतर परत वर येऊन आम्हाला म्हणाला, "घर फार नीट ठेवलंय, असं म्हणत होते." ते खरंच तसं म्हणाले का, आणि खाली जाऊन त्यांना आमच्याबद्दल काय सांगितलं असेल, हे मी विचारलं नाही.

एजंटाचे टक्के लोकांच्या डोळ्यांत फार सलतात. 'नुसतं दार उघडायचे दोन टक्के?' दार उघडायचे नसतातच ते. इकडचा निरोप तिकडे नेताना त्यातली विखारी वाक्यं जिन्यात टाकून द्यायची आणि कामापुरतं तेवढं पोचवायचं, याची ती मजुरी आहे. टाइल्सवरून मी आणि तो गृहस्थ समोरासमोर आलो असतो, तर तो व्यवहार तिथेच संपला असता. (बायको आणि तो समोरासमोर आले असते तर काय झालं असतं, हे लिहीत नाही.)

एक गोष्ट मात्र मला त्याच्याकडून जाहिरातीत हवी होती, मागच्या गॅलरीतला डोंगर. "डोंगराला रेट नाही, काका. गार्डनला आहे." मी म्हटलं, अरे, या डोंगराला खरेदी-विक्रीतलं कळतं, तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात नहपान या क्षत्रप राजाचा जावई उषवदात याचा कोरीव लेख आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. वाराहीपुत्र अश्विभूती नावाच्या ब्राह्मणाकडून त्याने ४००० कार्षापणांना (म्हणजे त्या काळच्या नाण्यांना) शेत विकत घेतलं आणि लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंच्या जेवणासाठी देऊन टाकलं. विकणाऱ्याचं नाव आहे, किंमत आहे. जमीन वडिलांकडून आलेली, म्हणजे टायटल क्लिअर. आणि ठिकाण सांगितलंय, नगराच्या सीमेत, वायव्येला.

"वायव्येला म्हणजे गंगापूर रोड साइड," एजंट लगेच म्हणाला. "तेव्हा घेऊन ठेवायला पाहिजे होती." दुसऱ्या दिवशी आमच्या जाहिरातीत 'हिल व्ह्यू' आलं.

उषवदाताचं शेत जमवून कोणी दिलं, ते मात्र दगडावर नाही. आमच्या इंडेक्स टूवर, म्हणजे खरेदीच्या नोंदणीच्या उताऱ्यावरही नाही. घेणाऱ्यांनी फ्लॅट आपल्या बायकोच्या एकटीच्या नावावर घेतला, कारण बाईच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट. ही युक्ती एजंटाचीच. नोंदणी फी एक टक्का, पण ३०,००० रुपयांच्या वर नाही, हे त्यानेच सांगितलं. सोसायटीची एनओसी काढून आणणारा तोच, दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन नंबरवर लक्ष ठेवून सगळ्यांना वेळेवर आत ढकलणारा तोच. फोटो आमचे, अंगठे आमचे. त्याने साक्षीदार म्हणून सही केली, पण व्यवहार जमवला कोणी, असा रकाना कुठल्याच कागदावर नव्हता. त्याचं त्याला काहीच वाटलं नाही. बाहेर येऊन त्याने चेक घडी करून खिशात ठेवला आणि आमच्या चावीचं पुठ्ठं सोडवून त्याच दोऱ्याने दुसऱ्या चावीला नवं बांधलं. आमच्या पुठ्ठ्यावर काय लिहिलं होतं, ते त्याने वाचू दिलं नाही.

नेटवर मात्र आमची जाहिरात कोणीकोणी टाकलेली अजून तशीच आहे आणि फोन येतच असतात. परवा एका नव्या एजंटाचा आला. फ्लॅट विकला म्हटलं.

"कितीला?"

आकडा सांगितला.

"अरेरे! काका, माझ्याकडे दोन लाख वर देणारी पार्टी होती."

दिवसभर ते दोन लाख डोक्यातून जाईनात. संध्याकाळी भाजीला जाता जाता आमच्या एजंटाच्या गाळ्यात डोकावलो आणि त्याला सांगितलं. तो चाव्यांचा फळा पुसत होता.

"तशी पार्टी माझ्याकडेपण कायम असते, काका," तो म्हणाला. "विकून झालेल्या फ्लॅटसाठी."