तुमच्याकडे ससे आहेत का?

जर्मनीत श्टुटगार्टला येऊन सहा वर्षं झाली आणि या सहा वर्षांत माझं वजन साडेआठ किलोने वाढलं, आणि सांगलीला फोन केला की मी याचं खापर इथल्या ब्रेड-चीजवर फोडून मोकळा व्हायचो. आईलाही ते पटायचं. "बाहेरचं खाऊ नका रे बाबांनो, घरी करून खात जा." आता गंमत अशी की आम्ही बाहेरचं खातच नाही, महिन्यातून फार तर दोनदा. घरी रोज पोळी-भाजी-वरण-भात, रविवारी पोहे नाहीतर साबुदाण्याची खिचडी (रविवारी इथे दुकानं बंद, मग घरात बसून खाणे हाच कार्यक्रम). म्हणजे जे काही पोट सुटलंय ते घरच्याच जेवणावर सुटलंय, हे कबूल करायला एवढी वर्षं गेली.

झालं असं की इथे पस्तिशीनंतर दर तीन वर्षांनी विम्यातून एक चेकअप मिळतो, मार्चमध्ये तो करून आलो. उंची 173, वजन 74, बीएमआय (म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) 24.7. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 25 च्या आत आहे, नॉर्मल, उपाशीपोटीची साखर तेवढी 108 आहे, जरा लक्ष ठेवा. मी खुशीत. संध्याकाळी मावसबहिणीला रिपोर्टचा फोटो पाठवला, ती कोल्हापूरला डॉक्टर आहे. लगेच फोन. "ए शहाण्या, तो 25 चा आकडा गोऱ्यांचा. आपल्याला 23 च्या पुढे गेलं की जास्तच. टेप घे आणि कंबर मोज." बेंबीपाशी टेप लावला तर 97 सेंटिमीटर. आपल्या पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ही मर्यादा. ताईने समजावलं की त्याच बीएमआयला आपल्या अंगात चरबी जास्त आणि स्नायू कमी असतात, ती चरबीही नेमकी पोटात साठते, म्हणून हातपाय काटक्या आणि मध्ये माठ अशी आपली ठेवण. डब्ल्यूएचओच्या तज्ज्ञांनी 2004 सालीच आशियाई लोकांसाठी 23 पासून सावध व्हा म्हणून सांगून ठेवलंय म्हणे. त्यात बाबांना डायबेटिस. "तू नॉर्मल नाहीयेस" हे तिने दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा जरा जास्तच आनंदाने.

मग मी एक उद्योग केला. इथे बहुतेक घरांत किचनमध्ये वजनकाटा असतो, कारण रेसिपी वाटीत आणि चमच्यात नसते, ग्रॅममध्ये असते. बायकोने केकसाठी घेतलेला आमचा काटा धूळ खात पडला होता. काचऱ्या करायच्या आधी तेलाची बाटली काट्यावर ठेवली, नेहमीसारखी फोडणी घातली, मध्ये "लागतंय वाटतं" म्हणून वरून एक धार सोडली, आणि बाटली परत ठेवली. 58 ग्रॅम कमी. ग्रॅमला 9 कॅलरी म्हणजे सव्वापाचशेच्या आसपास झाल्या, नुसत्या तेलाच्या, बटाटा अजून मोजलाच नाही. आणि खाणारे आम्ही अडीच माणसं, लेक चार वर्षांची, ती दोन फोडी खाऊन उठते.

नंतर डोक्यात प्रकाश पडला. मी स्वयंपाक शिकलो आईकडे बघून, आणि आईच्या घरात जेवायला सात माणसं असायची, शिवाय कामाच्या मावशी. माझ्या हाताला जी धार बसलीय ती सात-आठ माणसांच्या फोडणीची आहे! माणसं कमी झाली, धार तेवढीच राहिली. आता बाटली वरच्या फळीवर आणि ओट्यावर फक्त छोटा चहाचा चमचा. भाजीला दोन चमचे, बास. कोरडी पडेल असं वाटलं होतं पण आजीची युक्ती आठवली, कढईवर ताटली ठेवायची आणि ताटलीत पाणी, आतल्या वाफेवर भाजी शिजते, लागत नाही. काचऱ्यांची मजा मात्र गेली ती गेली, त्या पंधरा दिवसांतून एकदा पूर्ण तेलात करतो, उगाच दुःखी काचऱ्या खाण्यात अर्थ नाही.

दुसरा घोळ कणकेचा. नवीन आलेल्यांनी हे नीट वाचा. इथे पिठाच्या पुडक्यावर नंबर असतात, 405, 550, 1050 असे. मला वाटायचं कंपनीचा काहीतरी कोड असेल, आणि 405 सगळ्यात स्वस्त म्हणून पहिलं वर्षभर त्याच्याच पोळ्या लाटल्या, काय मऊसूत व्हायच्या! तो नंबर म्हणजे शंभर ग्रॅम पीठ जाळल्यावर किती मिलिग्रॅम राख उरते तो आकडा. राख जास्त म्हणजे कोंडा जास्त. 405 म्हणजे थोडक्यात मैदा. वर्षभर मैद्याच्या पोळ्या खाल्ल्या आणि आईला सांगत होतो घरचंच खातोय म्हणून. आता अख्ख्या गव्हाचं पीठ आणतो, त्याला फोलकोर्न म्हणतात, जरा रवाळ असतं, कणीक अर्धा तास जास्त मुरू द्यावी लागते.

डाएट कुठलं करू हे फॅमिली ग्रुपवर विचारायची चूक केली. काका डॉ. दीक्षितांचे, दिवसात दोनदाच जेवायचं आणि तेही 55 मिनिटांत. काकू ऋजुता दिवेकरांच्या, तूप सोडायचं नाही. दोघं एकाच घरात राहतात पण भांडले ग्रुपवर. मी ग्रुप म्यूट केला आणि जर्मनांकडून एकच गोष्ट उचलली, संध्याकाळी साडेसहाला जेवण. आधी आम्ही साडेनऊला जेवून दहाला आडवे व्हायचो. पहिला आठवडा रात्री फ्रीज उघडून उभा राहायचो, मग सवय झाली. आणि गोडाचं म्हणाल तर माफक साखर घातलेलं श्रीखंड. इथे माघरक्वार्क नावाचा प्रकार डब्यात मिळतो, म्हणजे बिनसायीचा चक्काच की तो, शंभर ग्रॅममागे 12 ग्रॅम प्रोटीन, फडक्यात टांगून ठेवायची भानगड नाही, वेलची-केशर घालायचं आणि घोटायचं. पाव्हण्यांना अजून कुणाला कळलेलं नाही.

पण सगळ्यात जास्त बदल झाला तो शनिवारच्या बाजारामुळे. इथे भाजी नाही मिळत हे आपण उगाच म्हणतो हो. नवलकोल मिळतो, कोलराबी नावाने, कोवळा आणि ढीगभर. बीट उकडून सोलून पॅकेटमध्ये. आमच्या इथल्या फिल्डर पठारावरचा टोकदार कोबी, त्याची पानं इतकी पातळ की पचडीला दुसरा कोबी नको वाटतो. आणि शेपू! लहानपणी ज्याच्या वासाने मी ताट ढकलायचो तो शेपू इथे डिल नावाने काकडीवर मिरवतो. आता जेवायला बसलं की आधी वाटीभर कोशिंबीर संपवायची, मग पोळी, त्यामुळे तिसरी पोळी आपोआप सुटली.

पहिल्यांदा नवलकोल घेतला तेव्हा भाजीवाल्या आजोबांनी सवयीने विचारलं, पाला काढून टाकू? त्यांच्या पायाशी क्रेट भरलेलं, लोकांनी टाकलेल्या पाल्याचं, मुळ्याचाही होता त्यात. माझा जीव वरखाली. मूगडाळ घालून काय भाजी होते याची! म्हटलं नको, आणि हा क्रेटमधला पण घेऊ का थोडा? त्यांनी विचारलं, तुमच्याकडे ससे आहेत का? मुगाची डाळ आणि लसणाची फोडणी जर्मनमध्ये समजावण्याइतकं माझं जर्मन धड नाही, मागे रांग लागलेली, मी म्हटलं, हो, आहेत तीन.

तेव्हापासून ते दर शनिवारी माझ्यासाठी पिशवी भरून बाजूला ठेवतात. फुकट. माझं वजन आता 70 आहे, कंबर 91, साखर परवा 98 आली, म्हणजे ताईच्या हिशोबाने अजून थोडं नापासच. गेल्या शनिवारी पिशवी देताना आजोबांनी आपुलकीने चौकशी केली, ससे कसे आहेत?

म्हटलं, एक जरा बारीक झालाय.

आजोबांचा चेहराच पडला. खाली वाकून त्यांनी पाल्याच्या अजून दोन जुड्या पिशवीत कोंबल्या.