बॉटनी तिसऱ्या वर्षापर्यंत आहे ना?

पहिली मेरिट लिस्ट लागली की आम्हा शिक्षकांना कागदपत्रं तपासायची ड्युटी लागते. मी बॉटनी शिकवते, दादर-माटुंग्याच्या पट्ट्यातल्या एका अनुदानित कॉलेजात. त्या दिवसांत वर्ग भरत नाहीत. हॉलमध्ये टेबलं मांडलेली असतात आणि मार्कशीट, एलसी, जातीचा दाखला, व्हॅलिडिटी म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र, विद्यापीठाच्या नोंदणीची प्रिंट घेऊन मुलं-पालक रांगेत उभे असतात. पालक काय विचारणार ते आम्हाला पाठ असतं. कॉलेज ऑटोनॉमस आहे का, प्लेसमेंट किती, गेल्या वर्षी कट-ऑफ कितीला थांबला, हजेरी सक्तीची आहे का. मुलं बहुतेक गप्प असतात. बोललीच तर फेस्टबद्दल.

यंदा मुदत संपायच्या दिवशी दुपारी आसनगावकडचे बापलेक माझ्या टेबलाशी आले. वडिलांच्या हातात गोणपाटाची पिशवी होती. पहाटेच्या कसारा लोकलने भाजी आणायची, दादरला विकायची, दुपारी परतायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. त्या दिवशी मुलगीही सकाळपासून त्यांच्यासोबत बाजारात बसली होती. मी कागद उलटत होते, तेवढ्यात तिने विचारलं, "मॅडम, बॉटनी तिसऱ्या वर्षापर्यंत आहे ना इथे?"

माझा हात थांबला. हा प्रश्न रांगेतल्या प्रत्येकाने विचारायला हवा, आणि कुणीच विचारत नाही. कितीतरी ठिकाणी पहिल्या वर्षाला विषय असतो, पण शेवटपर्यंत मेजर म्हणजे मुख्य विषय म्हणून तो चालवायला पुरेशी मुलं नसतात, शिक्षक नसतात. मग आवडीचा विषय मध्येच सोडून, जो चालू असेल तो घ्यावा लागतो. घराजवळच्या कॉलेजात नेमकं हेच होणार, हे तिने आधीच चौकशी करून काढलं होतं.

अडचण वेगळीच होती. कल्याणच्या बाजूला एका कॉलेजात तिचं नाव बीएस्सी आयटीलाही लागलं होतं. वडील म्हणाले, "माझा भाचा म्हणतो, आयटी घे. झाडापाल्याचं शिकून काय मिळणार? ते तर आम्हाला घरीच येतं."

हे ते चिडून बोलले नव्हते. ठाकर आदिवासींच्या घरात रानातली भाजी लहान पोरालाही ओळखता येते, त्यासाठी कॉलेज कशाला, हा त्यांचा खराखुरा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर द्यायलाच हवं होतं.

पिशवीत शेवळाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या एका रानभाजीच्या, दोन-तीन जुड्या उरल्या होत्या. मी मुलीला म्हटलं, याबद्दल तुला काय माहीत आहे ते सांग. तोवर मान खाली घालून बसलेली पोर एकदम बोलायला लागली. पावसाच्या पहिल्या सरींबरोबर आधी हे फूल येतं, पान मागून. कोवळ्या पानाला लोत म्हणतात, त्याचीही भाजी होते. फुलाचा दांडा पूर्ण उमलला की कुजका वास सुटतो आणि माश्या येतात. काकड नावाच्या झाडाची आंबट फळं घातल्याशिवाय भाजी करायची नाही, घसा खाजतो. मी विचारलं, का खाजतो? ती म्हणाली, "ते नाही माहीत. तेच शिकायचंय."

शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने माझी रांग सांभाळली आणि मी दोघांना लॅबमध्ये घेऊन गेले. शेवळाचा पातळ काप घेतला, पाण्याचा थेंब टाकून काचपट्टीवर ठेवला, मायक्रोस्कोप लावून दिला. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक जुडग्या-जुडग्यांनी दिसत होते. अळू, सुरण, शेवळं सगळी एकाच कुळातली, आणि हे स्फटिक त्या सगळ्यांत असतात. ती बराच वेळ डोळा लावून उभी राहिली. मग तिनेच वडिलांना पुढे केलं, कुठून बघायचं ते दाखवलं. त्यांनी पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि विचारलं, "हेच टोचतं व्हय घशात?"

हो, म्हटलं, हेच. मग आमची कपाटं उघडून दाखवली. वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे कागद, त्याखाली नाव, ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याची सही. मुंबईतच सेंट झेवियर्समध्ये १९०६ पासूनचं ब्लॅटर हर्बेरियम आहे, पश्चिम भारतातल्या वनस्पती ओळखायला संशोधक आजही तिथे जातात, हे सांगितलं. पैशाचंही सरळ सांगितलं. बॉटनी झाल्या झाल्या मोठ्या पगाराची नोकरी लागत नाही. एमएस्सी, मग प्राध्यापकीसाठी सेट-नेट, किंवा शाळेत शिकवायला बीएड. एमपीएससीची वनसेवा परीक्षा बॉटनीच्या पदवीवर देता येते, तिथे रेंजर होता येतं. नर्सरी आहेत, औषध कंपन्यांच्या लॅब आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी जैवविविधता नोंदवही करायला सांगितली आहे, तिथे रानातली झाडं नावानिशी ओळखणारी माणसं लागतात. आणि आयटीचा तो कोर्स विनाअनुदानित, त्याची फी आमच्या अनुदानित बीएस्सीच्या कितीतरी पट असते. आयटी वाईट नाही. ज्या मुलीला ते हवं आहे तिने जरूर घ्यावं. हिला ते नको होतं, एवढंच.

आता प्रश्न रोजच्या जाण्यायेण्याचा. मी प्रवासाचं काढलं तर वडील हसले. "गाडीचं मला सांगू नका मॅडम. जन्म त्यातच गेला."

ते खरंच होतं, पण ते पहाटे येतात आणि दुपारी उतरत्या गर्दीत परततात. प्रॅक्टिकल संपवून संध्याकाळी साडेपाचला दादरच्या पुलावर उभ्या असलेल्या मुलीचा प्रवास निराळा. कल्याणपर्यंत गाड्या आहेत, चढायला मिळालं तर. कल्याणच्या पुढे कसाऱ्याच्या गाड्या मोजक्या, एक चुकली की बराच वेळ फलाटावर. घरी पोचेपर्यंत रात्र. हे मी सांगण्यापेक्षा आमच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलीने सांगावं म्हणून तिला फोन करून बोलावलं. तीही शहापूर तालुक्यातलीच, प्रवेशाच्या मदतीला स्वयंसेवक म्हणून आलेली होती.

तिने काहीच लपवलं नाही, म्हणून मला ती फार आवडते. पहिलं वर्ष तिने गावाहून ये-जा करून काढलं. रेल्वे कन्सेशनचा फॉर्म ऑफिसातून घ्यायचा, तिमाही पास काढायचा. कल्याणला बसायला मिळालं तर त्यात वाचायचं. जर्नल सबमिशनच्या आठवड्यात माटुंग्याच्या मैत्रिणीकडे राहायचं. एकांकिकेत घेतलं होतं, पण तालमी रात्री नऊ-दहापर्यंत चालायच्या, सोडावी लागली. ते सांगताना तिचा आवाज जरा जड झाला. दुसऱ्या वर्षी आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहात जागा मिळाली आणि सगळं बदललं. लायब्ररीत बंद होईपर्यंत बसता येतं. युथ फेस्टिव्हलला लोकनृत्यात ती उतरली. येऊर आणि बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या फील्ड ट्रिपला आता पहिल्या गाडीची धास्ती नसते. इंग्रजीतून शिकणं पहिल्या वर्षी जड गेलं, तेही तिने सांगितलं: "पहिलं सहा महिने रडायला येतं गं. मग येत नाही. शिक्षकांना मराठीत विचारायचं, सांगतात." नव्या मुलीने तिला विचारलं, डबा कुठे खातेस, एकटीच असतेस का. थोरली म्हणाली, कट्ट्यावर, आणि एकटी कुणीच नसतं.

मुलांसाठी कॉलेज बघणाऱ्या पालकांना माझं हेच मागणं आहे. कॉलेज बघायला या, पण फेस्टच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी दुपारी चार वाजता या. लायब्ररीत खुर्ची मिळते का, लॅबमध्ये एका मायक्रोस्कोपवर किती मुलं वाकलेली आहेत, मुलींचं टॉयलेट स्वच्छ आहे का, ते बघा. शेवटच्या वर्षाच्या मुलांशी बोला. नावाचं फार दडपण घेऊ नका. मुंबई विद्यापीठ १८५७ सालचं. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग एवढ्या पट्ट्यातली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. शहापूरच्या कॉलेजातून शिकलात काय किंवा राजाबाई टॉवरच्या शेजारच्या कॉलेजातून, या विद्यापीठाशी संलग्न कॉलेजच्या पदवीवर नाव मुंबई विद्यापीठाचंच येतं. ऑटोनॉमस कॉलेज अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः आखतं, पदवी तरी विद्यापीठच देतं. मग फरक पडतो तो तिथे काय शिकायला मिळतं आणि रोजचा दिवस कसा जातो याने.

चार वाजायला आले होते. वडिलांनी घरी फोन लावला. बाहेर पाऊस, आवाज नीट येईना, म्हणून ते ओरडून बोलत होते आणि सगळ्या हॉलला ऐकू जात होतं: "अगं, ते शेवळं खाजतं ना, त्याच्यात काचेच्या सुयांसारखं असतं. मी बघितलं डोळ्यांनी!" मग थोडा वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून मुलीला म्हणाले, "आई विचारते, राहायचं कुठं?"

त्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. वसतिगृहाचा अर्ज ऑनलाइन करायचा. जागा नाही मिळाली तर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे; मुंबईत शिकणाऱ्याला जेवण, भाडं आणि इतर खर्च धरून वर्षाला ६०,००० रुपये थेट बँक खात्यात येतात. या पैशांत दादरला एकटीने खोली मिळणार नाही, पण तिघी-चौघींनी मिळून उपनगरात घेता येते, आमच्या मुली घेतात. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज वेगळा. शिष्यवृत्तीला पात्र मुलांना शिक्षण शुल्क आधी भरावं लागत नाही, हे वडिलांना ठाऊक नव्हतं. पूर्ण फीचे पैसे ते उसने आणून शर्टच्या आतल्या खिशात घेऊन आले होते. किरकोळ रक्कम भरून प्रवेश पक्का झाला, बाकीचे पैसे त्यांनी पुन्हा खिशात ठेवले.

आता वर्ग सुरू झाले आहेत. ती सध्या वडिलांबरोबर पहाटेच्या गाडीने येते, बाजारात थोडी मदत करून कॉलेजात. विभागात बोलून तिची प्रॅक्टिकलची बॅच सकाळची करून घेतली आहे, म्हणजे गर्दीच्या आत कल्याण गाठता येतं. वसतिगृहाची यादी लागायची आहे. तिचं नाव त्यात आलं नाही तर लगेच ‘स्वयम’चा अर्ज जायला हवा, त्याची फाइल, व्हॅलिडिटीच्या सत्यप्रतींसकट, आम्ही दोघींनी आताच लावून ठेवली आहे.